लिहिता येतं, करता येतं का? : कृतीतून मूल्यमापन आखण्याची पायरी-पायरीची वाट

पाचवीच्या एका वर्गात मी मुलांना कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या. पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या, पण सुरुवातीचे तीन सेंटिमीटर कापून टाकलेले, म्हणजे पट्टी ३ पासून सुरू. तिनं एक काडी मोजायची. काडी ३ वर ठेवली की दुसरं टोक ९ वर येत होतं. लांबीच्या लेखी चाचणीत याच वर्गानं भरपूर गुण मिळवले होते, त्यामुळे हे दोन मिनिटांत आटपेल असं मला वाटलं होतं.

एका मुलीनं लगेच लिहिलं, ९. तिच्या शेजारच्यानं बोट ठेवत ठेवत मोजलं: तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. त्याचं उत्तर ७. त्यानं खुणा मोजल्या होत्या, खुणांमधल्या जागा नाही. सहा हे उत्तर आलेली मुलं मोजकीच, आणि त्यातल्या दोघांनी काडी उचलून सरळ दुसऱ्या, धड पट्टीवर ठेवली होती. (हुशारी म्हणून ते मला आवडलं.) लेखी चाचणीत यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण तिथं काडीचं चित्र नेहमी शून्यापासूनच काढलेलं असतं.

कृतीतून मूल्यमापन म्हणतात ते एवढंच. मुलानं काहीतरी करायचं, बनवायचं किंवा बोलून दाखवायचं, आणि ते करताना त्याची समज आपल्यासमोर उघडी पडायची. याची प्रकल्पाशी गल्लत करू नका. घरून आलेली चकचकीत प्रतिकृती बघून कुणाच्या पालकांना वेळ होता हे कळतं, मुलाचं काही कळत नाही. म्हणून माझा पहिला नियम: ज्याला गुण द्यायचे ते काम वर्गात, आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

पहिली पायरी : काय दिसलं म्हणजे ‘आलं’ म्हणायचं?

बहुतेक जण कृतीपासून सुरुवात करतात. ‘मुलांना नाटक बसवायला लावू’, ‘भित्तिपत्रक करून घेऊ’. मग कृती झाल्यावर गुण कशाला द्यायचे याची शोधाशोध सुरू होते, आणि शेवटी ते रंगसंगतीला, टापटिपीला आणि ‘उत्साही सहभागा’ला दिले जातात. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये नियोजनाची उलटी दिशा मांडली, ती इथं फार कामाची आहे: आधी काय साधायचं, मग ते साधलं याचा पुरावा कोणता, आणि सगळ्यात शेवटी वर्गात काय करायचं.

पुरावा एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात ‘समजतं’, ‘माहीत असतं’, ‘जाणीव होते’ ही क्रियापदं वापरायची नाहीत, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. ‘मुलाला प्रयोगाची पद्धत समजते’ हे वाक्य उपयोगाचं नाही. ‘मूल एका वेळी एकच गोष्ट बदलतं, बाकीच्या तशाच ठेवतं आणि का ते विचारल्यावर सांगतं’ हे चालेल. वर्गात उभं राहून त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. या एका वाक्यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. ते जमलं की पुढचं निम्मं काम झालं.

दुसरी पायरी : काम निवडणं

काम निवडताना मी तीन गोष्टी बघतो. एकाहून जास्त वाटांनी ते करता येतं का? त्यात चुकायला जागा आहे का? आणि ज्याचा पुरावा हवा त्याखेरीज दुसरंच काही त्यात अडथळा बनून बसलंय का? तिसरी गोष्ट फार जणांच्या हातून निसटते. गणिताच्या कृतीची सूचना दीड पानांची असेल तर आपण वाचन तपासतोय. तोंडी मांडणीसाठी रंगीत तक्ता सक्तीचा असेल तर चित्रकला तपासतोय.

१९९५ साली टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लेखी परीक्षेच्या जोडीला अशा कृतीही घेतल्या गेल्या. एकीत मुलांपुढे टॉर्च आणि चार सेल ठेवायचे. कुठले चांगले आणि कुठले संपलेले ते शोधून काढायचं आणि कसं शोधलं ते सांगायचं. सामान किरकोळ, पण मूल सेल कसेही घालून बघतंय की जोड्या क्रमानं तपासतंय हे लगेच दिसतं. दोन सेलच्या टॉर्चवर तुम्ही हे केलंत तर सहाच जोड्या होतात, म्हणजे क्रमानं जाणारं मूल पाच मिनिटांत मोकळं.

आता विषयांकडे. गणित आणि विज्ञानाची एकेक कृती जवळून बघू.

गणित : एका कागदाचा डबा. प्रत्येक मुलाला ए-फोर आकाराचा कागद, कात्री, पट्टी, चिकटपट्टी. कागदाच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौकोन कापायचे आणि कडा वर दुमडून वरून उघडा डबा करायचा. सर्वांत जास्त मावेल असा डबा हवा. चौकोनाची बाजू पूर्ण सेंटिमीटरात घ्या.

कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर. बाजू २ सेंटिमीटर घेतली तर घनफळ ८७३.८ घन सेंटिमीटर, ३ घेतली तर १०६६.५, ४ ला ११२८.४, ५ ला १०८३.५ आणि ६ ला ९५५.८. म्हणजे उत्तर ४. पण उत्तर मिळालं का यापेक्षा ते कसं मिळालं हे बघण्यासाठी ही कृती आहे. काही मुलं ‘जितका खोल तितका मोठा’ असं धरून चालतात आणि ७ चा चौकोन कापतात. हातात अरुंद, उंच डबा येतो, त्यात फारसं मावत नाही, मग चेहरा बघण्यासारखा होतो. काही मुलं लांबीतून चौकोनाची बाजू एकदाच वजा करतात, दोन्हीकडून कापलंय हे विसरतात. आकडेमोडीच्या कागदावर ही चूक लपते. डबा हातात असला की तळ मोजून बघितला तरी पकडली जाते. आणि एखादं मूल १ पासून ७ पर्यंत तक्ता करून घनफळ आधी वाढतं नि मग उतरतं हे स्वतःहून सांगतं. त्याला ‘४ आणि ५ च्या मधे आणखी मोठा डबा असेल का?’ असं विचारून सोडून द्या. (४.०४ च्या आसपास थोडासा मोठा सापडतो, फरक नगण्य. पण त्या मुलाचा पुढचा तास सत्कारणी लागतो.)

विज्ञान : लंबक. दोरी, एकसारखे तीन नट, स्टॉपवॉच, मोजपट्टी. प्रश्न एकच: लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ कशामुळे बदलतो? वजन, दोरीची लांबी की किती दूरून सोडला ते?

दोरी २५ सेंटिमीटर असेल तर १० झोक्यांना साधारण १० सेकंद, ५० ला सुमारे १४ आणि १ मीटरला २० लागतात. झोका म्हणजे जाऊन परत येणं. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. वजनानं फरक पडत नाही. हे पुस्तकात असतंच. बघायचं असतं ते वेगळं. वजन वाढवायला मुलं दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात. त्यामुळे लंबकाची लांबीही वाढते, वेळ वाढतो, आणि मूल आत्मविश्वासानं लिहितं, ‘वजन वाढलं की वेळ वाढतो’. त्याची नोंद खरी आहे, निष्कर्ष चुकलाय, आणि चूक नेमकी कुठं आहे ते तुमच्यासमोर लटकतंय. लेखी पेपरात एवढं निदान मिळायचं नाही.

दुसरं, एकाच झोक्याचा वेळ मोजणारी मुलं. बटण दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे होतोच. एक सेकंदाच्या झोक्यात ती मोठी चूक, १० झोके मोजून भागले तर किरकोळ. हे कुणी सांगितलेलं नसताना मुलानं केलं तर खूण करून ठेवा. आणि एक सावधगिरी शिक्षकांसाठी: लंबक फार दूरून, म्हणजे ६० अंशांतून सोडला तर वेळ खरोखरच सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ‘दूरून सोडल्यावर वेळ वाढला’ असं लिहिणाऱ्या मुलाला पुस्तक बघून चूक देऊ नका. आधी त्यानं कुठून सोडला ते विचारा.

भाषा. एकच मजकूर दोघांसाठी लिहायला द्या. समजा, शाळेच्या वाचनालयाची वेळ बदलली. मूल एक सूचना दुसरीच्या मुलांसाठी लिहील आणि एक पत्र पालकांसाठी. दोन कागद शेजारी ठेवले की वाचक बदलल्यावर शब्द, वाक्यांची लांबी, संबोधन आणि काय गाळायचं याचा विचार बदलला का ते दिसतं. एका सुट्या निबंधातून हे कधीच कळत नाही. बोलण्यासाठी माझी आवडती कृती जुनीच आहे: दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात, एकजण हातातली आकृती शब्दांत सांगतो, दुसरा काढतो. मधे प्रश्न विचारायची मुभा ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याचं काहीच तपासलं जात नाही.

इतिहास. शाळेत अलीकडे घडलेल्या एखाद्या प्रसंगाबद्दल तीन माणसांना वेगवेगळं विचारायचं, आणि मग लिहायचं: तिघांचं कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, का जुळत नसावं. बहुतेक मुलं तिघांचं मिसळून एक गोष्ट करून टाकतात. ‘ते मागे उभे होते म्हणून त्यांना हे दिसलं नसेल’ असं वाक्य जिथं येतं, तिथं इतिहासाच्या साधनाकडे, म्हणजे माहिती कुठून आली त्याकडे, बघायची नजर सुरू झाली.

भूगोल. पावलांनी मैदान मोजून १:२०० प्रमाणाचा नकाशा, म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर आणि जमिनीवर २ मीटर. मैदानात एक वस्तू लपवायची, नकाशावर फुली मारायची आणि नकाशा दुसऱ्या गटाला द्यायचा. वस्तू सापडली की नकाशा बरोबर. मी तपासायची गरजच उरत नाही.

कला, संगीत, खेळ यांबद्दल फार सांगायला नको. तिथले शिक्षक हे कायमच करत आलेत. फक्त तिथंही ‘चित्र कसं झालं’ याच्या जोडीला ‘दुसऱ्या प्रयत्नात काय बदललंस, का?’ हा प्रश्न घाला.

तिसरी पायरी : सूचनेचा कागद

सूचना जास्त झाली की कृती मरते. लंबकाच्या कागदावर ‘दोरी २५ सेंटिमीटर घ्या, १० झोके मोजा, आता ५० घ्या’ असं लिहिलंत तर प्रयोग तुम्हीच केलात, मुलानं फक्त हुकूम पाळले. कमी झाली तर मुलं वीस मिनिटं ‘बाई, काय करायचं?’ विचारत बसतात. माझं प्रमाण असं: प्रश्न, सामान, वेळ आणि शेवटी हातात काय द्यायचं, हे चार स्पष्ट लिहायचे. कसं करायचं ते लिहायचं नाही. अडलेल्या मुलासाठी दोन-तीन इशाऱ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा; मागितल्या तर द्या आणि दिल्याची नोंद ठेवा.

‘तू एक शास्त्रज्ञ आहेस’ अशी भूमिका घालायची पद्धत सध्या बोकाळली आहे. चौथीपुढच्या मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो. भूमिकेपेक्षा खरा श्रोता द्या. नकाशा दुसरा गट वापरणार आहे, सूचना दुसरीच्या वर्गात खरंच लागणार आहे. काम आपोआप नीट होतं.

चौथी पायरी : निकषतक्ता

निकषतक्ता म्हणजे कामात काय काय बघायचं आणि त्यात मूल कुठल्या स्तरावर आहे हे ठरवायचा तक्ता. ‘उत्तम, चांगले, साधारण, सुधारणा हवी’ अशा चार रकान्यांना मी तक्ता म्हणत नाही. रकान्यात वर्तन लिहा. लंबकाच्या कृतीतल्या एका निकषाचे माझे चार स्तर असे आहेत:

१. दोन-तीन गोष्टी एकदम बदलतं. फरक कशामुळे पडला असं विचारलं तर अंदाज सांगतं.
२. एकच गोष्ट बदलायची ठरवतं, पण करताना दुसरी नकळत बदलते (नट खाली लटकतो, दोरी सरकते) आणि ते ध्यानात येत नाही.
३. एकच गोष्ट बदलतं, बाकीच्या सांभाळतं.
४. शिवाय स्वतःच्या आकड्यांवर शंका घेतं: पुन्हा मोजतं, न जुळणारा आकडा कुठून आला ते शोधतं.

स्तर चारच ठेवतो, कारण पाच केले की माझा हात सारखा मधल्या तीनवर जातो. निकषही एका कृतीला तीन, फार तर चार. सात निकषांचा तक्ता कागदावर भारदस्त दिसतो आणि वर्गात कुणीच भरत नाही. सगळे घरी जाऊन आठवणीनं भरतात.

दुसरा स्तर लिहिणं सगळ्यात अवघड जातं, आणि तोच सगळ्यात मोलाचा. तो कल्पनेनं लिहिता येत नाही. पाच-सहा मुलांना आधी कृती करायला द्या, ती जिथं अडतात ते टिपा, आणि तेच शब्द त्या रकान्यात घाला. वरची ‘नट खाली लटकतो’ ही ओळ तशीच आली.

पाचवी पायरी : आधी स्वतः करून बघणं

ही पायरी टाळू नका. दिलेल्या सामानानं, दिलेल्या वेळात, मुलाच्या जागी बसून करा. दोरी गाठीतून निसटते, चिकटपट्टी कापायला दहाजणांत एकच कात्री असते, चाळीस मिनिटांच्या तासातली बारा सामान वाटण्यातच जातात, हे सगळं आदल्या दिवशी कळलेलं बरं. स्वतःला लागलेल्या वेळाच्या तिप्पट वेळ मुलांना द्यायचा, असा माझा ढोबळ हिशोब आहे.

सहावी पायरी : चाळीस मुलं, एक शिक्षक

खरी अडचण इथं आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका नेमकं इथंच हात आखडता घेतात. चाळीस जणांचं एकाच तासात निरीक्षण होत नाही. प्रयत्नही करू नका. वर्गात पाच टेबलं मांडा. चार टेबलांवर मुलं आपापलं काम करू शकतील असा सराव, आणि पाचव्यावर ही कृती. एका फेरीत आठ मुलं तुमच्यासमोर, वीस-पंचवीस मिनिटं. पाच फेऱ्या, म्हणजे आठवडाभरात वर्ग पूर्ण. नंतर येणाऱ्या मुलांना उत्तर फुटतं ही तक्रार खरी आहे. म्हणून कृतीतला एक तपशील फेरीगणिक बदला. डब्यासाठी कागदाचा आकार बदलला की कालचं ४ आज चालत नाही.

हातात प्रत्येक मुलाच्या नावाची चिकटचिठ्ठी ठेवा आणि जे दिसेल ते त्याच क्षणी दोन-चार शब्दांत लिहा. ‘एकच झोका मोजला’, ‘स्वतःहून पुन्हा मोजलं’. निवाडा त्या वेळी लिहू नका, नोंद लिहा. गुण नंतर. आणि गप्प राहा. मूल चुकतंय हे दिसताना तोंड बंद ठेवणं शिक्षकाला फार जड जातं. एकच प्रश्न मी विचारतो, बरोबर करणाऱ्यालाही आणि चुकणाऱ्यालाही, त्याच सुरात: ‘हे असं का केलंस?’ फक्त चुकणाऱ्यालाच विचारलं तर दोन दिवसांत मुलं ओळखतात की प्रश्न आला म्हणजे चुकलं.

गटात कृती केली तर गटाला गुण देऊ नका. एक मूल करतं, तिघं बघतात, चौघांना ८. काम गटात होऊ द्या, पण शेवटी पाच मिनिटं प्रत्येकाला एकट्यानं एक छोटा प्रश्न: ‘दुसऱ्या गटाचे वजनाचे आकडे तुमच्याहून वेगळे आलेत. त्यांचं काय चुकलं असेल?’ गुण या उत्तराला.

सातवी पायरी : गुण जुळतात का?

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या वर्षभराच्या कामाचे संच तपासून राज्यभर मूल्यमापन सुरू केलं. पहिल्या वर्षी अडचण अशी आली की एकाच संचाला दोन तपासनीस वेगळे गुण देत होते आणि मुलामुलांची तुलना करण्याइतका भरवसा त्या गुणांवर राहिला नाही. आपल्या शाळेत हे लहान प्रमाणात होतंच. उपाय कंटाळवाणा आहे: सहा मुलांचं काम घ्या, दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्या, मग समोरासमोर बसा. एका स्तराचा फरक असेल तर सोडून द्या. दोन स्तरांचा असेल तर माणसांवर नाही, तक्त्यातल्या शब्दांवर भांडा आणि तो शब्द बदला.

एकट्यानं तपासत असाल तर एका मुलाचे सगळे निकष भरून पुढच्याकडे जाऊ नका. आधी सगळ्या वर्गाचा पहिला निकष, मग सगळ्यांचा दुसरा. एका गोष्टीत छाप पडली की बाकीच्या गोष्टीही चांगल्याच वाटू लागतात, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. सुंदर अक्षराचं मूल तुमच्याही वर्गात असेलच.

आणि एका कृतीवरून मुलाबद्दल मत बनवू नका. रिचर्ड शॅव्हेल्सन या अमेरिकी शिक्षण-संशोधकाला आणि सहकाऱ्यांना १९९० च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं की तपासनीस बदलल्यामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा कृती बदलल्यामुळे पडणारा फरक मोठा असतो. लंबकात चमकणारं मूल सेलच्या जोड्यांत गोंधळतं. म्हणून सत्रात एक मोठी, गाजावाजा केलेली कृती घेण्यापेक्षा वीस मिनिटांच्या चार-पाच घ्या. लेखी परीक्षा बंद करायची गरज नाही. पाढे, व्याख्या, तारखा तिथं स्वस्तात आणि नीट तपासल्या जातात.

आठवी पायरी : मुलाला परत काय द्यायचं

गुण आणि शेरा एकत्र दिले तर मूल गुण बघतं आणि कागद दप्तरात जातो. आधी नुसती नोंद द्या: ‘दुसरा नट तू खाली बांधलास. त्यानं आणखी काय बदललं?’ मुलाला पुन्हा टेबलाशी जाऊ द्या. पंधरवड्यानं तीच कृती एक तपशील बदलून घ्या आणि मग जो स्तर दिसेल तो पत्रकात लिहा. पालकांना दाखवतानाही ‘स्तर २’ म्हणू नका, ती चिकटचिठ्ठीच दाखवा.

त्या कापलेल्या पट्ट्या मी पंधरवड्यानं पुन्हा वाटल्या, या वेळी ५ पासून सुरू होणाऱ्या. खुणा मोजणाऱ्या मुलानं काडी ठेवली, बोट खुणेवरून उचलून दोन खुणांच्या मधल्या जागेवर टेकवलं, आणि तिथून मोजायला लागला: एक, दोन…